काकांची रडकी

रोह्यात जागा बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, मासे खाता का विचारलं नाही, आणि लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. एकट्या मुलीला खोली देताना हे प्रश्न न विचारणारा माणूस त्या काळात एकतर संत असायचा, नाहीतर त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं. हे घरमालक, म्हणजे आमचे काका, दुसऱ्या प्रकारातले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. पुढच्या क्षणाला घरातून अशी काही किंकाळी उठली की मी चपला तिथंच टाकून रस्त्यावर आले.

काका शांतपणे माझ्या चपला हातात घेऊन बाहेर आले.

"कान चांगले आहेत," ते म्हणाले. "आणि काय झालं म्हणून विचारत बसला नाहीत, दार गाठलंत. खोली तुमची."

माझ्या आधी एक जोडपं येऊन गेलं होतं. त्यातला नवरा आवाज ऐकून मदत करायला आत धावला होता. त्यांना जागा मिळाली नाही. आवाजाकडं धावणारा माणूस भाडेकरू म्हणून काकांना नको होता.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. दिवसभर घंटा ऐकायच्या आणि संध्याकाळी त्या घरात परत यायचं, जिथं छताला बशीएवढी एक पांढरी डबी चिकटवलेली होती. तिच्यात धूर शिरला की ती बोंब ठोकायची. काका तिला 'डिटेक्टर' म्हणत, कौतुकात असले की नुसतं 'ती'. बाकी सगळं घर तिला 'रडकी' म्हणायचं. हे नाव खालच्या बिऱ्हाडातल्या पाटलीणवैनींनी ठेवलेलं. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एकेक होती. खाली काका-काकू आणि पाटील, वर मी आणि माझ्या शेजारी आत्याबाई. आत्याबाईंचा भाचा आणि त्याची बायको दोघंही सकाळीच कामावर जायची, म्हणून दिवसभर घर आणि आमच्या सगळ्यांची वागणूक आत्याबाईंच्या ताब्यात असे.

काका धाटावच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात होते. अंगानं काडी, अंगावर कायम कंपनीचा खाकी शर्ट आणि शर्टाच्या खिशात दाढीचा जुना ब्रश. तो ब्रश दाढीसाठी नव्हता. काका कुणाकडं चहाला गेले तरी आधी वर बघत, मग स्टूल मागत, मग ब्रशनं रडकीच्या जाळीतली धूळ हलक्या हातानं झाडत, आणि मग चहा घेत. एकदा पाटलांकडच्या रडकीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं. काकांनी ते दाताच्या काडीनं कोरून काढलं, आणि ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी होती तेवढी मी पुढं दवाखान्यातसुद्धा फारशी पाहिली नाही.

आता नव्वदच्या सुमाराला रोह्यात ही वस्तू आली कुठून? तर कुवेतहून. कुंपणापलीकडं हसीनाभाभींचं घर. त्यांचे यजमान युसूफभाई तिकडं नोकरीला. सुट्टीवर यायच्या आधी ते सगळ्या आळीला विचारत, काय आणू? कुणी टू-इन-वन सांगे, कुणी अत्तर, कुणी मिक्सर. काकांनी सांगितलं, धुराचे डिटेक्टर. युसूफभाईंना वाटलं, काका थट्टा करतायत. मग वाटलं, काका आजारी आहेत. शेवटी बिचाऱ्यांनी दुकानं पालथी घालून पिशवीभर डब्या आणल्या. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं त्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"हे काय आहे?"

"साहेब, घरात धूर झाला का ओरडतं."

"घरात धूर झाला तर तुम्हाला कळत नाही?"

युसूफभाई म्हणाले, "मना कळतो. आमच्या काकांना कळायला पायजे."

साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी सिगारेट पेटवली आणि एका डबीवर धूर सोडला. पुढचं युसूफभाई हातवारे करून सांगत. चहूकडून बंदूकवाले धावत आले, साहेब स्वतःच टेबलाखाली गेले, आणि नंतर पिशवीतलं बाकी काहीही न तपासता त्यांनी युसूफभाईंना हात जोडून बाहेर काढलं. तेवढ्या एका फेरीत मी सोन्याची वीट आणली असती तरी चाललं असतं, असं म्हणून युसूफभाई हळहळत.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते आळीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त काकांसमोर कुणी काढत नसे. काकूंना वास येत नव्हता. एका पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पेणच्या डॉक्टरांनी नाकात थेंब घातले, अलिबागच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, हसीनाभाभींनी अत्तराची कुपी हुंगवली, आणि पाटलीणवैनींनी तर मूठभर सुका जवळा काकूंच्या नाकाशी धरला. जवळ्यापुढं जे नाक हललं नाही ते आता हलायचं नाही, हे मग सगळ्यांनी मान्य केलं.

त्यानंतर एका दुपारी काकूंनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरल्या. दूध आटलं, पातेलं जळलं, शेजारचं फडकं पेटलं. हसीनाभाभी कुंपणावरून ओरडत आल्या तेव्हा काकू पुढच्या खोलीत निवांत तांदूळ निवडत बसल्या होत्या. ठाण्याहून मुलगा धावत आला. त्यानं काळी भिंत बघितली आणि सांगून टाकलं, की पुन्हा एकदा असं झालं तर आईला मी ठाण्याला घेऊन जाणार. बाबा कंपनीत, आई घरी एकटी, हे चालायचं नाही. मुलाचं काही चुकत होतं असं नाही. पण काकूंना ठाणं नको होतं.

"तिकडं ओटा सुनेचा," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी काय करू गो तिकडं? पाहुणीसारखी भाजी निवडत बसू?"

काकांनी मुलाला शब्द दिला, पुन्हा असं होणार नाही. मग कुवेतची पिशवी आली. पहिली रडकी काकूंच्या स्वयंपाकघरात लागली. मग काकांच्या मनात आलं, आग पाटलांकडून आली तर? दुसरी पाटलांकडं लागली. वरून आली तर? असे आम्हीही सापडलो. थोडक्यात, काकूंची चूल काकूंकडं राहावी म्हणून चार बिऱ्हाडं बहिरी होत होती. हे कळल्यावर काकांवर रागावताही येईना, आणि त्याचाच मला जास्त राग येई.

काकू बाकी स्वयंपाक बिनवासाचा करत, आणि तो आम्हा नाकवाल्यांपेक्षा चांगला करत. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, कांद्याचा आवाज बसका झाला की मसाला, असं त्यांचं कानानं चालायचं. फक्त दुधाच्या बाबतीत त्यांना भरवसा नव्हता. मी जिन्यावरून उतरले की पातेलं पुढं करून विचारत, "बघ गो, नासलंय काय?" मी वास घेऊन सांगायची. त्यांना कानानं फोडणी करायची सवय झाली, आणि नेमकी फोडणी पडली की रडकी सुरू. मग त्यांना स्वतःची मोहरीसुद्धा ऐकू येईना.

सरळ गोष्ट आहे. ज्या घरात फोडणी होते, पापड भाजतात, सुके बोंबील निखाऱ्यावर टाकतात, संध्याकाळी धूप फिरवतात आणि डासांसाठी कडुनिंबाचा पाला पेटवतात, त्या घरात धुराला ओरडणारं यंत्र लावणं म्हणजे मासळीबाजारात मांजरांना पहाऱ्याला बसवणं. कंपन्यांकडून रोज संध्याकाळी वाऱ्याबरोबर डोळे चुरचुरतील असा भपकारा यायचा, त्याला मात्र रडकी हूं की चूं करायची नाही. पाटलीणवैनींच्या जिऱ्याला वाजायची.

"काका, धूर झाला का वाजते ता बरा हाय," वैनी म्हणाल्या. त्या पेणच्या खाडीकडच्या, माहेरची मिठागरं, बोलणं खणखणीत. "पन धूर नाय केला त जेवन कसा व्हायचा?"

"धूर करा. पण नियंत्रित करा," काका म्हणाले.

नियंत्रित बोंबील कसे भाजायचे ते त्यांनी सांगितलं नाही.

डब्यांबरोबर एक माहितीपुस्तक आलेलं होतं, एका बाजूनं अरबी, दुसऱ्या बाजूनं इंग्रजी. एका रविवारी मी ते नीट वाचलं आणि मला गड जिंकल्यासारखं झालं. त्यात स्वच्छ छापलं होतं की हे यंत्र स्वयंपाकघरात लावू नये, बाहेरच्या खोलीत लावावं. मी पुस्तक घेऊन खाली गेले आणि काकांना ती ओळ बोटानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे ज्यानं लिहिलं त्याच्या बायकोला वास येत असणार."

आणि पुस्तक मिटून मला परत दिलं. मी वर गेले आणि मुकाट्यानं खिचडी टाकली. रडकी वाजली.

मग प्रत्येकानं आपापला मार्ग काढला. पाटलीणवैनींनी आपल्या धाकट्याचं लोकरीचं टोपडं रडकीला घातलं, नाड्यांसकट. आत्याबाईंनी नारळाची करवंटी बांधली. मी पेणची, दर शनिवारी एस.टी.नं घरी जाणारी, आणि पेणहून परत येणाऱ्याच्या पिशवीत पोह्याचे पापड असणारच. पापडाच्या रिकाम्या पिशवीला रबर लावून मी ती वर चढवली. काका रविवारी सकाळी तपासणीला आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. स्टुलावर चढून टोपडं काढलं, घडी घातली आणि वैनींच्या हातात दिलं. माझी पिशवी काढताना मात्र म्हणाले, "श्वास कोंडला हो तिचा."

रविवारची तपासणी हा सगळ्या आळीचा छळ होता. टीव्हीवर पौराणिक मालिका चालू असायची, देवानं अस्त्र सोडायला हात वर केलेला असायचा, आणि नेमकं तेव्हाच काका काठीच्या टोकानं बटण दाबायचे. युद्धाचा निकाल काय लागला ते आमच्या घरात कुणालाच कधी धड कळलं नाही.

रडकीला चौकोनी बॅटरी लागे. ती रोह्यात मिळाली तर मिळे, म्हणून काका ती पेणहून आणायचं काम माझ्यावर टाकत. बॅटरी आणून दिली की ते तिची दोन्ही टोकं जिभेला लावत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "आहे जीव." बॅटरी उतरली की रडकी रडत नसे, थोड्या थोड्या वेळानं एकदाच 'टुक' करी. तो आवाज थेट पालीसारखा. पाल चुकचुकली की आपल्याकडं बोटं जमिनीवर आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. आत्याबाईंच्या रडकीची बॅटरी उतरली त्या आठवड्यात आत्याबाईंची बोटं सुजली. त्याच आठवड्यात त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी मुलाचा पगार सांगितला आणि वरून 'टुक' झालं. "बघा, खरं आहे!" वडील खूश झाले. मग मुलगा निर्व्यसनी असल्याचं सांगितलं, आणि रडकी गप्प. सगळे वर बघत थांबले. बराच वेळ थांबले. लग्न जमलं नाही.

गणपतीत तर कहर. पाटलांकडची आरती, घर माणसांनी भरलेलं, कापूर पेटला आणि रडकीनं वरचा सूर लावला. काका टाळ खाली ठेवून स्टूल शोधायला लागले. एवढ्यात वडखळहून आलेले एक पाहुणे भक्तिभावानं वर बघत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "देवळातल्यासारखं आरतीचं मशीन घेतलंय का? छान आहे. फक्त ढोल नाही वाटतं याच्यात."

काकांचा आणखी एक विक्षिप्तपणा सांगायलाच हवा, तो म्हणजे खरं बोलण्याचा. कंपनीत आगीची रंगीत तालीम व्हायची. भोंगा झाला की सगळ्यांनी मैदानात जमायचं. एका तालमीत मोठे साहेब चहा संपवून सावकाश आले. काकांनी रिपोर्टात लिहिलं, साहेब जळून मेले. साहेबांनी बोलावून विचारलं, हे काय? काका म्हणाले, "साहेब, तालमीच्या हिशेबानं तुम्ही गेलात. खोटा रिपोर्ट मी देत नाही." काकांना बढती कधी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि व्हायचं तेच झालं. रडकी वाजली की कुणी उठेनासं झालं. उलट ती ऐकून आम्हाला एकमेकांच्या घरात काय शिजतंय ते कळायला लागलं. सकाळी लवकर वाजली तर पाटलांची भाकरी. तिन्हीसांजेला वाजली तर आत्याबाईंचा धूप. आणि दुपारी लांबलचक वाजली तर सुके बोंबील, शंकाच नको. हसीनाभाभी तर कुंपणावरून ओरडायच्या, "वैनी, दोन माझ्यासाठी ठेव गो!" युसूफभाईंनी इतक्या लांबून आणलेलं यंत्र आम्ही जेवणाची वर्दी द्यायला लावलं होतं. काकांना हे दिसत होतं. एकदा ओट्याकडं बघत म्हणाले, "वाजून उपयोग नाही हो. कुणीतरी यायला पाहिजे." मला त्या वेळी त्यांची फार दया आली.

मग श्रावण आला.

श्रावणात आमच्या घरात मासळी बंद. पाटलीणवैनींना तो महिना तुरुंगासारखा जाई, पण पाळत कडक. त्यामुळे श्रावणात दुपारी रडकी वाजत नसे. दुपारच्या त्या शांततेला सगळे चटावले होते.

तो सोमवार होता, मला सुट्टी होती. काका पहिल्या पाळीला. सकाळभर पाऊस पडून दुपारी चक्क ऊन आलं. आणि खालून रडकी सुरू झाली. लांबलचक, थांबेचना.

माझं दार ठोठावत आत्याबाई बाहेर आल्या. उपाशी, रागानं लाल.

"श्रावणी सोमवार! आणि बोंबील! बघतेच आज कोण ते."

आत्याबाई जिना उतरल्या. मागोमाग मी. खरं सांगते, मीसुद्धा बघायलाच गेले. खाली पाटलीणवैनी पदर खोचून आपल्या दारात उभ्या.

"आत्या, माज्याकडं नाय हां! माजी रडकी गप हाय, बघा येऊन. ह्यो आवाज काकूंकडनं येतंय."

"काकूंकडून?" आत्याबाईंना धक्का बसला आणि लगेच आनंदही झाला. "वाटलंच होतं मला. वास येत नाही, वास येत नाही, आणि हे उद्योग!"

"आमी म्हैनाभर तोंड बांधून बसलाव," वैनी रडायलाच लागल्या, "नि ही एकटी खातेय!"

कुंपणाच्या फाटकातून हसीनाभाभी आल्या. त्या तर दुखावल्याच होत्या. "मी तुमच्यासाठी म्हैनाभर खिडक्या लावून माशे तळते," त्या म्हणाल्या. "धुरात जीव जातो माझा. नि तुम्हीच?"

अशी ती वरात घराला वळसा घालून मागच्या दाराकडं निघाली, पावलं न वाजवता, कारण चोर मुद्देमालासकट पकडायचा होता. आणि मागच्या अंगणाच्या कोपऱ्यावर समोरून काकू आल्या. हातात पिळलेली चादर, कपाळाला आठ्या. ऊन पडलं म्हणून त्या मागं दगडावर चादरी धूत बसल्या होत्या. त्यांनाही रडकी ऐकू आली होती, आणि त्याही चोर पकडायलाच निघाल्या होत्या.

"काय गो पाटलीण," काकू म्हणाल्या, "श्रावणी सोमवारी तरी गप बसायचंस!"

"मी? मी?" वैनी ओरडल्या. "वाजतेय तुमच्याकडं!"

"माझ्याकडं कशी वाजेल? मी इथं आहे!"

"मंग काय बोंबील आपले आपून भाजतात?"

आत्याबाईंनी मध्ये पडून दोघींनाही शपथा घालायला सुरुवात केली. रडकी वाजतच होती. त्या भांडणात गप्प होत्या त्या फक्त हसीनाभाभी. त्यांनी मान वर केली, नाक फुलवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "हा वास बोंबलाचा नाय."

तेव्हा कुठं आम्ही खिडकीकडं बघितलं. काळा धूर जाळीतून बाहेर ढकलला जात होता. दाराला कडी नव्हती, कडी घालायची नाही हा काकांचा नियम. आत ओट्यावर कढईत उपासाच्या कुटाचे शेंगदाणे कोळसा होऊन पडले होते, आणि वरच्या दोरीवर वाळत घातलेला कपडा पेटून खाली कपाटावर गळत होता. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून आपल्या सगळ्यांच्या घरी शेगडीवर दोरी असते. काकांनी ती दोरी तोडायला सांगितली होती. काकूंनी ती काका कामावर गेले की बांधायची आणि ते यायच्या आत सोडायची सोय केली होती. वैनींनी काकूंच्या हातातली ओली चादर हिसकली आणि कपाटावर फेकली. भाभींनी सिलिंडर बंद केला. आत्याबाईंनी उपाशीपोटी मोरीतून बादल्या आणल्या. मी मिळेल त्या भांड्यानं पाणी मारत होते.

आग विझली. एक भिंत, एक कपाट आणि दोरी गेली. रडकी थांबली आणि इतकी शांतता झाली की काकूंचा श्वास ऐकू आला. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. ओल्या, काळ्या, आणि भिंतीकडं बघत.

"आता नेतील मला," त्या म्हणाल्या.

मग वैनींनी कंबरेवर हात ठेवले. "नाय नेनार. मी सांगते, मी हितं बोंबील भाजले. घरच्यांना कळू नये म्हनून तुमच्या घरात."

"श्रावणी सोमवारी?" मी विचारलं.

"श्रावणी सोमवारी."

आम्ही सगळ्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाईंनी दोन्ही हात कानांना लावले, वर बघून काहीतरी पुटपुटल्या, आणि म्हणाल्या, "मी पाहिलं भाजताना. चार होते."

काका पाळी संपवून आले तेव्हा आम्ही चौघी दारात ओळीनं उभ्या. वैनींनी गुन्हा कबूल केला, आत्याबाईंनी साक्ष दिली. काका ऐकत आत गेले. वर काळ्या पडलेल्या रडकीकडं बघितलं. खाली वाकले, राखेतून काहीतरी उचललं आणि तळहातावर धरलं. कंपनीच्या खाकी शर्टाचं बटण होतं.

"या बोंबलांना बटणं होती वाटतं," ते म्हणाले.

वैनींनी मान खाली घातली. काकांनी बटण खिशात टाकलं, काकूंच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि बराच वेळ त्यांचा हात हातात धरून बसले. आमच्यासमोर. तोवर त्या दोघांना मी कधी शेजारी शेजारी बसलेलंही पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी वर निघून गेले.

भिंतीला चुना मारला, पण ओल्या दिवसांत चुना काय धरतो? गणपतीला मुलगा आला तेव्हा काळी छटा तशीच दिसत होती. त्यानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"बाबा, हे काय?"

प्रसादाच्या निमित्तानं आम्ही सगळ्या तिथंच होतो. वैनींनी तोंड उघडलं. "भाऊ, ता मी बोंबील..."

"खोटं," काका म्हणाले.

काकूंच्या हातातला तांब्या खाली ठेवता ठेवता कलंडला. मला वाटलं, या माणसाला आता एका शब्दासाठी तरी खोटं बोलता यायला काय हरकत आहे?

"माझा शर्ट जळला," काका मुलाला सांगू लागले. "शेंगदाणे गॅसवर होते आणि आई मागं चादरी धूत होती. तिला वास आला नाही. रडकी वाजली." ते पहिल्यांदाच तिला रडकी म्हणाले.

"म्हणजे पुन्हा तेच झालं," मुलगा म्हणाला. "मग आता मी तिला नेतो. तुम्ही शब्द दिला होता, बाबा."

"दिला होता. नेऊ शकतोस. फक्त मला एक सांग." काकांनी आमच्याकडं हात केला. "ती वाजली आणि या सगळ्या धावत आल्या. आग विझवायला नाही हां. आग कुणाच्या डोक्यातही नव्हती. श्रावणी सोमवारी कोण बोंबील भाजतंय ते पकडायला आल्या. एक उपाशी उतरली, एक रडत आली, एक कुंपणापलीकडून आली. आता तुझ्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये कुणी श्रावणी सोमवारी बोंबील भाजले, तर बघायला कोण येतं?"

मुलानं खरंच विचार केला. बापाचाच मुलगा होता तो.

"कुणी नाही, बाबा," तो म्हणाला. "तिकडं दार लावून घेतात."

"मग तुझी आई इथंच राहील," काका म्हणाले, आणि स्टूल मागितलं.